क्लोनकरीच्या बोलक्या पेटीची हकीकत

श्रीकृपेंकरून लिहिणें ऐसें जे, क्वीन्सलँड मुलखीं क्लोनकरी ठाणें, तेथील गुरेवाहू ट्रकांचे धनी राजमान्य रेग टॉलमन सरकार, यांचा अंमल उत्तरेस डार्विन बंदरापावेतों. परंतु मध्यें मोबाइलास रेंज म्हणोन नाहीं, मग ट्रकांची फौज कोठें गडप जाहली हें कळेना. सबब ॲडलेडहून लॅकलन पेजेट नामें कारागीर बोलाविला, आणि त्यानें खास या फौजेसाठीं उपग्रहाशीं बोलणारी पेटी घडविली, धुळीस न भिणारी, आणि हात स्टिअरिंगवर तैसेच ठेवून तोंडीं जाब घेणारी. ती ट्रकोट्रकीं जडविली. मग सरकारांनीं फर्मान काढिलें कीं, पेटींत नोंदलें तें पक्कें, मागाहून हुज्जत चालणार नाहीं.

आतां त्या मुलखाचा रिवाज ऐसा कीं, नकार देणें तर आधीं "हो" म्हणावें, मग "नको". "हो" म्हणजे ऐकलें, आणि "नको" म्हणजे नको. हें तेथील शेंबडें पोरही जाणे. पेटी न जाणे. ग्लेनिस हॅकेट, फौजेंतील जुनी जाणती ड्रायव्हर, तिजला पेटीनें पुसिलें, शनिवारीं डार्विनास गुरें नेतां काय? शनिवारीं तिची एकुलती लेक टेगन हिचें लाँगरीचास लग्न. ग्लेनिसबाई वदली, "हो, नको." पेटीनें "हो" तेवढा उचलिला आणि मोहीम मुक्रर केली.

मग बाई संतापोन सरकारांकडे गेली, आणि सरकारांनीं फर्मानाकडे बोट दाखविलें, आणि कारागिरास पाचारण जाहलें. तो विमानानें आला आणि बाईचाच आवाज बाईस ऐकवून म्हणाला कीं, पेटी निर्दोष, बाई हो म्हणाली. लेकीचें लग्न हुकतें म्हणोन बाईच्या डोळां पाणी आलें, परंतु अक्कल शाबूत होती. तिनें त्यास ड्रायव्हरांचे खाण्याचे खोलींत नेलें आणि गरम सॉसेज रोल पुढें केला.

"खातोस का रे बाळा?"

"हो, नको. विमानात खाल्लंय."

"हो म्हणाला गं! वाढा याला!" बाई खोलींतील मंडळीस ओरडली, आणि ताटांत रोलांचा ढीग पडला.

"अहो, नको म्हटलं ना मी!"

"नोंद झाली रे राजा. आता हुज्जत नाही. गिळ."

तिसरे रोलास कारागिराचे ज्ञानचक्षू उघडले. मग तेथेंच बसोन त्यानें समस्त पेट्यांस नवा कायदा पढविला कीं, शेवटला शब्द तो प्रमाण. जुनी नोंद खोडून पेटीस पुनः पुसावयास लाविलें. बाई पुनरपि "हो, नको" म्हणाली आणि मोहीम रद्द जाहली.

परंतु गुरें खोळंबलीं. दुसरा ड्रायव्हर मोकळा नाहीं, म्हणोन पेटीनें खुद्द सरकारांस पुसिलें, आपण जातां काय? सरकार गुरगुरले, "छे, मी कसला... बरं, हो." नोंदलें तें पक्कें! मग किती एक सालांनीं सरकार खासे स्टिअरिंगवर स्वार जाहले आणि डार्विनाकडे कूच केलें, आणि गुरांनीं वाटभर हंबरून मानवंदना दिली.

शनिवारीं लाँगरीच मुक्कामीं ग्लेनिसबाई नवी टोपी घालोन पहिले रांगेंत बसली. नवरी लेक जवळ येऊन म्हणाली, "आई, रडतेस की काय?"

"छे गं... हो."

शेवटला शब्द प्रमाण. ऐसी फत्ते जाहली, ती येथें नोंदली.