जमीन ऐकायला आलेला जावई

"विहिरीची जागा मी सांगतो, नाना! न खणता!"

धुळ्याच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या वाल्मीकनं सासऱ्यांना छाती ठोकून सांगितलं. लग्न होऊन दोन वर्षं झाली तरी रुपचंदनाना त्याला 'दगडांचा मास्तर' म्हणत. आज ते तोंड बंद होणार होतं! पुण्याहून मागून आणलेलं मशीन तेवढं संध्याकाळच्या एसटीनं परत पाठवायचं होतं.

चोपड्याजवळच्या त्या सासुरवाडीत त्यानं केळीच्या बागेलगत, पार चिंचेच्या झाडापर्यंत, ओळीनं थरथर टिपणारे डबे रोवले, वायरी मशीनला जोडल्या आणि नानांना समजावलं, "जमीन सतत बारीक थरथरत असते. चक्की, मोटारी, बैलगाड्या, सगळ्यांनी! ती थरथर मऊ मातीतून रेंगाळत जाते, खडकातून पळत सुटते. कुठल्या डब्याला उशिरा पोचली ते पाहायचं, की खाली माती किती न खडक किती ते कळलं!"

बटण दाबलं. मशीनमधला कागद सरकू लागला, पण त्यावरची सुई ढिम्म हलेना!

वाल्मीकनं मान वर केली तर बांधावर अख्खं गाव बसलेलं, चिडीचूप! बायांनी तान्ह्या पोरांच्या तोंडावर पदर धरलेला.

"अहो, चक्की का बंद?"

"जवाई उना शे ना!" कौतिक नावाचा चक्कीवाला अभिमानानं कुजबुजला. "तुमना मशीनले तरास नको म्हनीसन बठ्ठं बंद करी टाकं!"

"पण मला थरथर हवीय!"

झालं! नानांनी हात वर केला मात्र, ट्रॅक्टर धडधडले, डफ कडाडले, पोरं उड्या मारू लागली. सुई थेट कागदाबाहेर!

"एवढी नको! रोजच्यासारखं वागा हो, रोजच्यासारखं!"

गाव विचारात पडलं. ज्याच्यासाठी ठेवणीतलं लुगडं नेसून आलो, त्याच्यासमोर रोजच्यासारखं कसं वागायचं? लताबाई हंडा घेऊन चार पावलं चालली आणि थबकली.

"अक्का, मी रोज कशी चालस व?"

ऊन कलायला लागलं. एसटीची वेळ जवळ आली. वाल्मीक अगदी रडकुंडीला आला.

"नाना, पाया पडतो! मला जावई समजू नका. घरचाच पोरगा समजा!"

नानांनी त्याला खालून वर न्याहाळलं आणि आरोळी ठोकली, "ऐका रे! आजपासून वाल्मीक जवाई नही, घरना पोऱ्या शे! जा आपापला कामले!"

आणि काय सांगावं! बघता बघता बांध रिकामा. कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. चक्की घरघरली, मोटारी सुरू झाल्या, गाड्या खडखडत निघाल्या, आणि सुई कागदावर अशी झक्क नाचू लागली की वाल्मीकलाही नाचावंसं वाटलं. चिंचेजवळच्या डब्याला थरथर चांगली उशिरा पोचत होती!

तो धावतच घरी गेला. "नाना, चिंचेजवळ खणा! तिथं खडक खूप खोल आहे, वरच्या मऊ मातीत पाणी मुरलेलं असणार!"

"शाब्बास रे मास्तर!"

दोन वर्षांतली पहिली शाबासकी! वाल्मीकला आभाळ ठेंगणं झालं. खापरावरच्या पुरणपोळ्यांचा वास त्याला सकाळपासून छळत होता. हात धुऊन तो ऐटीत पाटावर बसला. तोच सासूबाईंनी, भिकुबाईंनी, समोरचं ताट उचललं.

"त्या पाहुनाकरता शेतस. घरना मानसे मांगून जेवतस!"

नानांनी कोपऱ्यातली कुदळ त्याच्या हातात दिली. "तवर चिंचपा जाय. खनाले लाग!"

प्रमिला, त्याची बायको, दाराआड तोंडाला पदर लावून हसत होती.

संध्याकाळच्या एसटीनं मशीन कंडक्टरच्या हवाली होऊन एकटंच परत गेलं. घरचा पोऱ्या तेव्हा चिंचेजवळ, गुडघाभर खड्ड्यात उभा होता.