नऊ ठिकाणांचा सक्रिय शनिवार-रविवार

परदेशात शिकायला आलेल्या माणसाला त्या देशात राहण्याची सवय लागू नये, यासाठी आठवड्यात शनिवार आणि रविवार ठेवलेले आहेत. सोमवार ते शुक्रवार तो बिचारा चारचौघांसारखाच जगतो. कपडे धुतो, सर्दीने हैराण होतो, कोपऱ्यावरच्या बाईकडून भात-भाजी घेताना तिच्या जावयाची हकिकत ऐकतो. हे असंच चालू राहिलं तर वर्षभरात तो देश त्याला कळण्याचा धोका असतो.

हा धोका टाळण्याचं काम योग्यकार्तातल्या आमच्या विद्यापीठाने परदेशी विद्यार्थी कक्षाकडे सोपवलेलं आहे. मी, हार्सोयो, या कक्षात एकवीस वर्षं लिपिक आहे. ‘सक्रिय शनिवार-रविवार योजना’ माझीच. अर्जही मीच आखला. रकाने पाच : ठिकाण, पोचल्याची वेळ, निघाल्याची वेळ, फोटो (मागे ठिकाण, पुढे माणूस), आणि ‘काय शिकलात?’ (एका ओळीत). दोन दिवसांत नऊ ठिकाणं केली की ‘जावाची संस्कृती समजल्याचं’ प्रमाणपत्र मिळतं, आणि प्रमाणपत्र असलं की शिष्यवृत्तीला सहा महिन्यांची मुदतवाढ.

योजना यशस्वी आहे. आमच्या पाहणीनुसार विद्यार्थी एका ठिकाणी सरासरी एकेचाळीस मिनिटं थांबतो. त्यांतली चोवीस फोटोला, नऊ स्वच्छतागृहाला आणि सहा गाडी कुठे लावली ते आठवायला जातात. उरलेली दोन मिनिटं संस्कृतीसाठी पूर्णपणे मोकळी असतात. (पूर्वी तीन असायची. रांगा वाढल्या.)

या योजनेला पहिला डाग लावला मिलाडा नावाच्या मुलीने. ही चेक देशातली, ब्रनो शहराची. आमची भाषा शिकायला आली होती. चार महिन्यांत तिची ठिकाणं शून्य. मी तिला कक्षात बोलावून घेतलं.

“गेल्या शनिवारी काय केलंत?”

“झोपले, बापाक.” (बापाक म्हणजे वडीलधारे, मुलगी उद्धट नव्हती, हे नमूद करतो.)

“आणि रविवारी?”

“शेजारी मुलाची सुंता होती. दोनशे माणसं जेवायला. मी भांडी घासली.”

“भांड्यांचा फोटो?”

“हात ओले होते.”

अशा टोकाच्या प्रकरणांत लिपिकाने स्वतः सोबत जाऊन नऊ ठिकाणं करवून आणावीत, असा नियम आहे. (तोही माझाच.) म्हणून पुढच्या शनिवारी सकाळी सातला कक्षाची गाडी, चालक परियोनो, मिलाडा आणि मी असे निघालो.

शनिवार निर्दोष पार पडला. बोरोबुदुरचा स्तूप पन्नास मिनिटांत झाला. मेंदुतचं मंदिर अकरा मिनिटांत झालं. तिथे बुद्ध एकाच जागी बसलेला असल्याने वेळ वाचतो. मग टेकडीवरचं कोंबडीच्या आकाराचं देऊळ, आणि शेवटी कोटागेडेची चांदीची दुकानं. ‘काय शिकलात?’ या रकान्यात मिलाडाने चारही वेळा ‘ऊन’ असं लिहिलं. उत्तर एका ओळीत होतं, त्यामुळे मी सही केली.

रविवारी प्रंबाननची देवळं आणि रातू बोकोचे भग्नावशेष अकराच्या आत आटोपले. राहिली तीन ठिकाणं : मेरापीचा ज्वालामुखी, सुलतानाचा जलमहाल आणि परांगत्रितिसचा समुद्रकिनारा. हमरस्त्यावर गर्दी होती म्हणून परियोनोने गाडी भातखाचरांतून आत घातली. रस्ता मला ओळखीचा वाटला. वाटणारच, माझा जन्म तिथला. तेवढ्यात टायर फुटलं. जादाचं टायर परियोनोने आदल्याच आठवड्यात मेव्हण्याच्या गाडीला बसवून दिलं होतं, त्यामुळे फुटलेलं चाक घेऊन तो दुरुस्तीला गेला, आणि मी व मिलाडा माझ्या बहिणीच्या दारात उभे राहिलो.

माझी थोरली बहीण वागिनेम. माझ्या कार्यालयापासून तिचं घर एकतीस किलोमीटर. तिथे जायचं सहा वर्षांपासून नक्की ठरलेलं होतं. आधी दर ईदेला तीच यायची. गुडघे धरल्यापासून येत नव्हती, म्हणून मी तिच्या शेजाऱ्याच्या फोनवर शुभेच्छांचं चित्र पाठवत असे. (फुलांचं. दरवर्षी वेगळं.)

अंगणात ती केळीच्या पानांत शिजवलेलं सोयाबीन बांधत बसली होती. त्याचं दोन दिवसांत आंबून तेंपे होतं, म्हणजे घट्ट वडी. तोच तिचा धंदा. मला बघून तिने हातातलं पान खाली ठेवलं.

“कोण गेलं रे?”

“कुणी नाही, म्बाक्यू. टायर फुटलं.” (थोरल्या बहिणीला आम्ही म्बाक्यू म्हणतो.)

“हात्तिच्या! मला वाटलं, आपला सोयो घरी आला म्हणजे मयतच असणार कुणीतरी. बस. आणि ही गोरी पोर कोण? उन्हात टोमॅटो झालीय नुसती.”

चहा आला. घरात तीन खोकी बांधून ठेवलेली दिसली. मी सहज विचारलं.

“मंगळवारी चाललेय मी,” वागिनेम म्हणाली. “कालिमंतानला, समुद्रापलीकडे, मुलाकडे. घर विकलं. तुला सांगणार होते, पण तुझ्या त्या फुलांखाली उत्तर कुठे लिहायचं ते शेजाऱ्यालाही कळेना.”

मी खोकी पुन्हा मोजत होतो, तेवढ्यात परियोनो चाक लावून आला. घड्याळात बाराला दहा कमी होते. मी उठलो.

“बापाक, मी नाही येत,” मिलाडा म्हणाली. ती एव्हाना वागिनेमशेजारी चटईवर बसून पानं पुसत होती.

“अहो, ज्वालामुखी राहिलाय!”

“राहू दे. तो मंगळवारी कुठे जाणार नाहीये.”

“जाऊ दे रे तिला,” वागिनेम म्हणाली. “आणि तूही थांब की. माशाचा रस्सा करते.”

मला थांबायचं होतं, हे इथे स्पष्ट करतो. पण सात ठिकाणांना प्रमाणपत्र देण्याची तरतूद नाही (खरं तर सहाच झाली होती; घाबरून मी बहिणीचं घरही मोजलं होतं). मुलीची शिष्यवृत्ती बुडाली असती. कर्तव्य म्हणून मी परियोनोबरोबर उरलेली तिन्ही ठिकाणं करायला निघालो.

ज्वालामुखी ढगात होता. मी ढगापुढे उभा राहिलो. जलमहालात पाणी होतं. समुद्रावर वारा इतका होता, की तिथल्या फोटोत माझे केस तीन दिशांना गेलेले आहेत. फोटोत ‘पुढे माणूस’ हवा, एवढंच नियमात आहे. माणूस कोणता, हे लिहायचं एकवीस वर्षांत मला सुचलं नव्हतं, आणि आता ते सोयीचं पडलं. एकूण वेळ : सहा तास पाच मिनिटं. शिकलो काय? उत्तर एका ओळीत मावलं. रिकाम्या ओळीत.

दिवेलागणीला परत आलो, तेव्हा रस्सा संपला होता आणि दोघी पाय पसरून हसत बसल्या होत्या. मिलाडाने मला गाडीपाशी नेऊन आपली वही दाखवली. आत पेन्सिलीने, थरथरत्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : हार्सोयो.

“हे कुणी लिहिलं?”

“इबूंनी, तुमच्या बहिणीने. मी म्हटलं, तुमचं नाव लिहा. तर म्हणाल्या, ‘माझं येत नाही, त्याचं येतं.’ आई वारल्यावर तुमच्या शाळेचे अर्ज त्याच भरायच्या ना? मास्तरांनी तेवढंच शिकवलं म्हणे. तुम्हाला माहीत असेल.”

मला माहीत नव्हतं. अर्ज भरलेला असायचा, एवढंच मला माहीत होतं. मी वही मिटून परत दिली, चष्मा काढला आणि तो स्वच्छ असतानाही पुसला. मग आत जाऊन बहिणीला विचारलं, “मंगळवारी किती वाजता?”

“सकाळी सातला गाडी येईल. येणारेस?”

“बघतो.”

“बघ हो,” ती म्हणाली, आणि माझ्यासाठी बांधलेलं तेंपे पिशवीत घालायला लागली.

सोमवारी मी रीतसर रजेचा अर्ज टाकला. कारण : बहिणीला निरोप. कक्षप्रमुखांनी ‘हे कारण यादीत कुठे बसते?’ असा शेरा मारून तो आस्थापना शाखेकडे पाठवला. आस्थापना शाखेने अत्यंत सहानुभूतीने विचार करून बुधवारी रजा मंजूर केली. वागिनेम मंगळवारी गेली. मिलाडा तास बुडवून, एकतीस किलोमीटर सायकल मारून तिला पोचवायला गेली होती. मी मंगळवारी दिवसभर टेबलाशी हजर होतो. हजेरीपटावर सही आहे. अक्षर जरा थरथरलेलं आहे, पण चालतं.

पुढचं सगळं नियमाने झालं. नऊपैकी सहा ठिकाणी मिलाडा आणि तीन ठिकाणी मी, असा गोंधळ तपासणीत निघाला. पण सोबती म्हणून मी शनिवारच्याही चारही फोटोंत होतो, रविवारच्या दोन्हींत होतो. नऊच्या नऊ ठिकाणी असलेला माणूस एकच निघाला. जावाची संस्कृती समजल्याचं प्रमाणपत्र मला मिळालं. मिलाडाची नोंद ‘श्री. हार्सोयो यांची सोबतीण, वर्तन समाधानकारक’ अशी झाली, आणि सोबत्याला फोटोची अट नसल्याने तिची मुदतवाढही मंजूर झाली. प्रमाणपत्र मी घरी भिंतीवर लावलेलं नाही. वागिनेमला पाठवावं असं मनात होतं, पण तिला त्यातलं एकच नाव वाचता आलं असतं.

ही हकिकत वाचून काही सुज्ञ वाचक आमच्याकडे येण्याचा बेत करतील. त्यांच्या सोयीसाठी नऊही ठिकाणांची नावं मी वर काळजीपूर्वक दिलेली आहेत. आपण ती मनातल्या मनात टिपून घेतली असतील, याची खात्री आहे. माझी बहीण साठ वर्षं ज्या गावात राहिली, त्याचं नाव मात्र मी कुठेही दिलेलं नाही. आपण ते एकदाही विचारलं नाहीत, याबद्दल कक्षातर्फे आपलं अभिनंदन. आपण योजनेसाठी पात्र आहात.