रंभाजी अस्वलाची आरामशीर गाडी

एका जंगलात रस्ता एकच होता आणि मोटारसायकली पुष्कळ होत्या. हसू नका, मुलांनो. तुमच्याकडे काय वेगळं आहे?

त्या जंगलात रंभाजी नावाचं अस्वल राहायचं. त्याच्या बायकोचं नाव शेवंता. तिची नजर अधू होत चालली होती. घुबडवैद्य तिला म्हणाले, "बाई, येत्या पावसाळ्यापर्यंत काय बघायचं ते बघून घ्या. पुढचं मी सांगत नाही."

शेवंताने फार विचार केला नाही. "मला एकदा समुद्र बघायचाय," ती म्हणाली.

रंभाजी प्रेमळ होता. त्याने लगेच गाडी घेतली. लांब, बुटकी, धडधडणारी क्रूझर मोटारसायकल. तिच्यावर बसलं की राजा झाल्यासारखं वाटतं, असं विकणाऱ्या कोल्ह्याने सांगितलं होतं. कोल्हा खोटं कशाला बोलेल?

दोघं ओढ्यापर्यंत जाऊन आली. तेवढ्यात रंभाजीची कंबर धरली.

"ओढ्यापर्यंत ही गत, मग समुद्रापर्यंत काय होईल?" तो म्हणाला. "आधी गाडी नीट करून घेऊ. मग निवांत जाऊ."

"मला नाही काही दुखलं," शेवंता म्हणाली.

"तुला गाडीतलं काय कळतं?"

गाडी वानर मिस्त्रीकडे गेली. वानराने जन्मात झाड सोडलं नव्हतं, म्हणून लांबच्या प्रवासाबद्दल सगळे त्यालाच विचारत. त्याने रुंद, मऊ सीट बसवली. सीट रुंद झाल्यावर मांड्या फाकल्या आणि गुडघे दुखायला लागले. म्हणून फुटरेस्ट पुढे नेले. पाय पुढे गेले तसं अंग मागे गेलं आणि हात हँडलला पोचेनात. म्हणून हँडल उंच करून मागे ओढलं. मग छाती उघडी पडली आणि वारा झोंबायला लागला. म्हणून समोर काच आली.

"अहो, आता निघायचं ना?" शेवंता दर वेळी विचारायची.

"एवढं एकच काम राहिलंय," रंभाजी म्हणायचा.

आता राहिली होती ती पाठ. पाठीला टेका हवा होता. टेका लावायला जागा एकच होती, ती शेवंताची. वानराने मागची सीट काढली आणि तिथे गुबगुबीत टेका बसवला. त्याच्यामागे सामानाची पेटी आली. पेटीत रंभाजीने आठवणीने शेवंताची छत्री ठेवली. प्रेमळ होता म्हणून सांगितलं ना.

शेवंताने गाडीभोवती चक्कर मारली. हाताने चाचपत मारली, कारण आता तिला बरंचसं तसंच बघावं लागत होतं.

"मी कुठे बसायचं?" तिने विचारलं.

"ते बघू गं. आधी गाडी तर पूर्ण होऊ दे."

शेवंताला वाईट वाटलं. भांडावंसंही वाटलं. पण आभाळात ढग जमायला लागले होते आणि भांडायला वेळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती गंगू म्हशीच्या मोपेडवर बसली. गंगू किनाऱ्यावरच्या गावाला दूध घालायची. जंगलात दूध घालणारी म्हैस कुठून आली, असं विचारू नका. गोष्ट मी सांगतोय. मोपेडची सीट फाटकी होती आणि किटलीचं कडं वाटभर शेवंताच्या कुशीत रुतत होतं.

ती परत आली तेव्हा गाडी जांभळीखाली स्टँडवर उभी होती. रंभाजी टेक्याला रेलून तरुण लांडग्यांना लांबचा प्रवास कसा करावा ते समजावत होता. शेवंताच्या पायांना वाळू होती, केसांना खारा वास होता. डोळे रडून लाल झाले होते.

"पाहिला मी," ती म्हणाली. "धूसर दिसला, पण पाहिला. अहो, केवढा..."

"कंबर दुखली ना?" रंभाजीने मध्येच विचारलं.

"दुखली की. अंगाचं लाकूड झालंय."

रंभाजीने लांडग्यांकडे वळून पाहिलं. "मी काय सांगत होतो?"

लांडग्यांनी माना डोलावल्या. समुद्र केवढा होता, ते कोणी विचारलं नाही.

तात्पर्य: लांबच्या प्रवासाला निघण्याआधी गाडी पुरेशी आरामशीर करून घ्यावी. म्हणजे निघावं लागत नाही आणि कंबर शाबूत राहते. ज्यांना आपल्या कमरेपेक्षा समुद्र मोठा वाटतो, त्यांनी दूध घालणाऱ्या म्हशीशी ओळख ठेवावी.