हृदयाला आधी कसं कळलं?

"चार वायरी लावायला माणूस कशाला पाठवता? पदवीधर आहे मी!" असं दवाखान्यात ठणकावून तिने नवऱ्याच्या झोपेच्या तपासणीची पेटी घरी आणली. डोक्याला वायरी, नाकाखाली नळी, बोटाला नाडी मोजणारा चिमटा. हाय काय नि नाय काय!

नवरा छापखान्यात रात्रपाळीला, त्यामुळे झोपणार भरदुपारी. झोपेत त्याचा श्वास मध्येच थांबायचा. ती आकडे मोजायची: दहा, वीस... मग बंद पडलेला ट्रक सुरू व्हावा तसा तो घोरायला लागायचा!

"मी घोरतच नाही," तो म्हणाला. "आणि तो झोपेत हवा देणारा मास्कबिस्क मी मेलो तरी लावणार नाही!"

"मेल्यावर कशाला लागतोय?" ती पुटपुटली.

पडदे ओढले. तिच्या हातावर डोकं टाकून तो घोरू लागला. तेवढ्यात शेजारी झोपलेल्या त्यांच्या चिमुरडीने बाबाच्या बोटाचा चिमटा ओढून काढला! काळोखात चाचपडत आईने एक गार, निर्जीव बोट शोधलं आणि चिमटा लावून टाकला.

तीन दिवसांनी डॉक्टर अहवालावर डोकं खाजवत होते.

"श्वास थांबला की आधी मेंदू दचकतो, मग हृदय धावतं. तुमचं उलटंच! श्वास थांबला रे थांबला की हृदय सुसाट, आणि मेंदू खुशाल झोपलेला. एकतीस वेळा! हृदयाला आधी कसं कळलं?"

"माझं काळीजच हुशार," नवरा म्हणाला.

तिचा चेहरा पडला. उठल्यावर चिमटा तिच्याच बोटावर सापडला होता. त्याच्या डोक्याखाली हात इतका बधिर झालेला, की तो आपला आहे हेच कळलं नव्हतं!

"ते... हृदय माझं होतं," ती कशीबशी म्हणाली.

डॉक्टर हसले. नवरा मात्र अहवालाकडे बघत राहिला.

"एकतीस वेळा?"

"रोजचंच आहे."

तो घसा खाकरून म्हणाला, "डॉक्टर, तपासणी पुन्हा करा. आणि मास्क लागत असेल तर द्या. हिचं हृदय तरी टिकू दे."

मास्क आला. पहिल्याच दुपारी तो लावून नवरा झोपला. ना घोरणं, ना खंड, चिडीचूप! तिला काही केल्या डोळा लागेना. शेवटी तिने त्याला गदागदा हलवलं.

"अहो! श्वास घेताय ना?"

मास्कमधून काहीतरी घुमलं. शब्द कळले नाहीत, पण सूर शिवीचाच होता.

ती निर्धास्त झोपली.