ओल्या सिमेंटवरची अंत्ययात्रा

तिबुर्सियोची शवपेटी दाराबाहेर पायरीवर आली आणि खांदेकरी जागच्या जागी थबकले. कालपर्यंत दारासमोर माती होती. आता तिथून थेट चर्चच्या कोपऱ्यापर्यंत ओल्या सिमेंटचा गुळगुळीत पट्टा चकाकत होता. पलीकडचा रस्ता गटारासाठी खणून ठेवलेला. शववाहिनी कोपऱ्यावरच अडकली होती, तिला आत यायला वावच नव्हता.

"आत घ्या परत, मागच्या गल्लीतून काढू," कुणीतरी म्हणालं.

"जीभ झडो तुझी!" मनांग पुरिता कडाडली. ती तिबुर्सियोची बायको, सगळ्या वस्तीची मनांग, म्हणजे ताई. "निघालेला माणूस परत घरात घेतात का? येईल तो आणि जाताना आणखी एकाला घेऊन जाईल!"

हे आमच्या वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यामुळे पेटी ना पुढे, ना मागे. वर ऊन मी म्हणत होतं.

तिबुर्सियो मेला तोच मुळी फुटपाथ नव्हता म्हणून. बाजारातून मासळी घेऊन बिचारा रस्त्याच्या कडेनं येत होता. कड म्हणजे काय, तर जिथे जीपनीचा, म्हणजे आमच्याकडच्या प्रवासी जीपगाडीचा, आरसा कानाला घासून जातो ती जागा. त्या दिवशी आरशामागून उरलेली जीपनीही लागली. ही कड चालणाऱ्यांना द्यायची, सायकलींना द्यायची की गाड्या लावायला, यावर वस्तीचं कौन्सिल वर्षानुवर्षं भांडत होतं. पुरिता एकही सभा चुकवायची नाही, कारण तिची नात लिलिबेथ त्याच कडेनं शाळेत जायची. नवरा तर गेला, नात तरी राहू दे, एवढंच तिचं मागणं होतं.

त्यात निवडणूक तोंडावर आलेली. आमच्याकडे पुरण्याआधी पेटी काही दिवस घरात ठेवून पत्ते खेळत जागतात, तेव्हा वस्तीचा कप्तान, म्हणजे कौन्सिलचा प्रमुख, डेल्फिन मयताच्या घरी रोज हजर. पत्ते कुटायचा, कॉफी प्यायचा आणि निघताना पेटीवर हात ठेवून फुटपाथची शपथ घ्यायचा. सगळं गाव अंत्ययात्रेला येणार, तेव्हा सगळ्या गावाला फुटपाथ दिसला पाहिजे, असा त्याचा हिशेब. कंत्राटदार नेहमीप्रमाणे उशिरा उगवला आणि आज पहाटे सिमेंट ओतून पसार झाला. पाहुणे सगळे मागच्या गल्लीतून आले, म्हणून कुणाला पत्ताच नाही.

कौन्सिलचे सभासद मात्र झाडून सगळे आलेले होते. निवडणुकीआधी मयत कोण चुकवतो? सभा तिथेच भरली.

"फळ्या टाका आणि जा," कप्तान म्हणाला.

"फळ्या कंत्राटदाराच्या आहेत," खजिनदारानं मान हलवली. "मंजुरीशिवाय हात लावता येत नाही."

सभासद विल्मा सायकलवाल्यांच्या बाजूची. ती म्हणाली, "मी तेव्हाच सांगत होते, आधी सायकलींचा पट्टा करा. आज पेटी कशी थाटात गेली असती!"

"पेटीला चाकं असतात का गं?" कप्तानानं विचारलं.

"शववाहिनीला असतात की."

"ते वाहन झालं. वाहनांना पट्ट्यावर बंदी, हे तुझ्याच ठरावात आहे."

"मग खांद्यावरून न्यायची. पण खांद्यावरच्याला पादचारी धरायचं की सामान?" खजिनदारानं शंका काढली.

झालं! सभेला रंग चढला. पादचारी धरावं, तर तो चालत नाही. सामान धरावं, तर विधवेसमोर तसं म्हणायचं कुणी? कुणीतरी उपसमिती सुचवली.

"उपसमिती नेमा, नाहीतर चुलीत घाला," पुढचा खांदेकरी घामानं निथळत म्हणाला, "पण त्यातला एकजण इकडे खांद्याला या!"

एकही सभासद हलला नाही. पुरितानं पेटीकडे पाहिलं, मग कौन्सिलकडे. तिचा संताप आणि रडू एकदमच बाहेर आलं. "जिवंतपणी त्याला चालायला जागा दिली नाहीत. आता मेल्यावर तरी त्याला जाऊ द्या!" असं म्हणून तिनं चर्चला जायच्या बुटांसकट ओल्या सिमेंटमध्ये पाय घातला. तिच्यामागून खांदेकरी, खांदेकऱ्यांमागून गाव. तिबुर्सियो वेळेवर पुरला गेला.

आणि सिमेंट वाळलं.

पायरीपासून कोपऱ्यापर्यंत खांदेकऱ्यांचे खोल ठसे उमटून राहिले. दुरुस्तीला कौन्सिलकडे पैसा नव्हता. मयताच्या वाटेवर पाय ठेवील असा माणूस आमच्या वस्तीत अजून जन्मायचाय. खणलेला रस्ता बुजवला गेला, तशी माणसं फुटपाथच्या खाली उतरली आणि पुन्हा रस्त्याच्या कडेनं, आरशाला कान घासत, चालू लागली. शाळेची पोरंसुद्धा. पुरिता दारात उभी राहून घसा फोडायची, "अरे, वरून चाला रे मेल्यांनो!" पण ऐकतो कोण? आपल्याच पायांनी आपण सगळं धुळीला मिळवलं, हे तिच्या जिवाला फार लागलं.

पुढच्याच सभेत कप्तान उभा राहिला. "लोकांना फुटपाथ नकोच आहे, हे आता सिद्ध झालं. तिथे गाड्या लावू." इतकी वर्षं न सुटलेला प्रश्न चहा यायच्या आत एकमतानं सुटला. विल्मानंसुद्धा हात वर केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुरिता काळे कपडे घालून नातीला शाळेत सोडायला स्वतः निघाली.

"लोला, मी नाही वर चढणार," लिलिबेथ आजीचा हात सोडून मागे सरली. "सगळे म्हणतात, ती मेलेल्यांची वाट आहे."

"हे बघ बाळा, वरून चाललीस तर आजोबांची आठवण येईल. खालून चाललीस तर आजोबाच भेटतील."

पोरगी वर चढली. दोघी जेमतेम चार घरं पुढे गेल्या, तर फुटपाथवर आडवी कप्तानाची पांढरी गाडी. पलीकडे आणखी गाड्या, ओळीनं. काच पुसत उभा असलेला कप्तान म्हणाला, "मनांग, खालून वळसा घाला ना जरा."

पुरितानं वळसा घातला नाही. पिशवीतून मेणबत्ती काढली, पेटवली, गाडीच्या पुढ्यात जमिनीवर चिकटवली, आणि काळी ओढणी डोक्यावर ओढून हात जोडून बसली. रस्त्यानं जाणारे थांबून छातीवर क्रूसाची खूण करू लागले.

कप्तानाच्या हातातलं फडकं गळून पडलं. "मनांग... ही कुणासाठी?"

"अजून ठरलं नाही," पुरिता डोळे मिटूनच म्हणाली. "गाडी कुणाची आहे?"

गाडी सुरू झाली, मागे सरकली आणि धडपडत खाली रस्त्यावर उतरली. पुरितानं फुंकर मारून मेणबत्ती विझवली आणि नातीचा हात धरून पुढच्या गाडीकडे निघाली.