उधळ्या मुलाची सुधारित आवृत्ती

एखादं गाव किती सुधारलंय हे तिथल्या रस्त्यांवरून, शाळांवरून किंवा दवाखान्यांवरून ठरवू नये. कुलुपांवरून ठरवावं. ज्या गावात बंद घरं जास्त, त्या गावची माणसं परदेशात जास्त. आणि ज्या गावची माणसं परदेशात जास्त, त्या गावच्या चर्चला एसी आधी. केरळात हा सिद्धांत इतका सर्वमान्य आहे की तो कुणी बोलूनही दाखवत नाही. मुलीचं स्थळ बघायला आलेले लोक आधी शेजारच्या घरांना किती कुलुपं आहेत ते बघून घेतात, आणि मगच चहाला हात लावतात.

या मापानं पोन्नंकडवू हे गाव जवळजवळ पूर्णत्वाला पोचलं होतं. तीन मोटारी मावतील असे पोर्च, दोन-दोन मजले, आणि आत एक म्हातारी व तिला सांभाळायला ठेवलेली एक नर्स (तीही व्हिसाची वाट बघत असलेली). चर्चचा हॉल नवाकोरा, थंडगार, भिंतीएवढा पडदा असलेला. संडे स्कूलला शिक्षक नऊ आणि विद्यार्थी दोन. त्यांतला एक जूनमध्ये कॅनडाला जाणार असल्यामुळे यंदा दुसऱ्याचा पहिला नंबर येणार, अशी गावात दाट शक्यता वर्तवली जात होती.

अशा या चर्चचा सुवर्णमहोत्सव आला. कार्यक्रमपत्रिकेत परंपरेप्रमाणे ‘बालगोपाळांचे नाटक’ छापून झालं, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की बालगोपाळ नाहीत. पण केरळी माणूस अशानं डगमगत नाही. तांदूळ आंध्रातून येतो, भाजी तमिळनाडूतून येते. मुलं मुल्लप्पाऱ्याहून आणावीत असा ठराव झाला.

मुल्लप्पारा हे वरच्या डोंगरातलं, रबराच्या मळ्यांमधलं, अजून मागासलेलं गाव. घरांची दारं उघडी, घरात माणसं, माणसांना पोरं. संडे स्कूलमध्ये बाकं पुरत नाहीत म्हणून काही पोरं खिडकीत बसतात. या पोरांची नाटकं बसवण्याचं काम पोत्तन सार (‘सर’चा केरळी उच्चार) करत. हायस्कुलातून गणित शिकवून निवृत्त झालेले, अत्यंत शिस्तीचे, रडणाऱ्या देवदूताला नुसत्या भुवईनं गप्प करणारे. पोन्नंकडवूचं आमंत्रण आलं तेव्हा त्यांनी क्षणाचाही विचार न करता नाटक निवडलं: बायबलातला उधळ्या मुलाचा दाखला, म्हणजे बोधकथा. मुलगा बापाकडून आपला वाटा मागून घेतो, दूर देशी जातो, सगळं उधळतो, डुकरं राखायची पाळी येते, मग परत येतो, बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो, पुष्ट वासरू कापून मेजवानी देतो, आणि घरीच राहिलेला थोरला भाऊ रुसून बाहेर बसतो तेव्हा त्याचीही समजूत काढतो.

सारांनी हेच नाटक का निवडलं याचं अधिकृत कारण ‘बालमनावर संस्कार’ हे होतं. खरं कारण एवढंच, की सारांचा एकुलता एक मुलगा जिजू आयर्लंडात नर्स होता, सहा वर्षांत घरी आला नव्हता, आणि पोन्नंकडवूचा प्रत्येक कार्यक्रम परदेशी बसलेल्यांसाठी लाइव्ह दाखवला जाई.

जिजूचा फोन दर रविवारी न चुकता येई.

“पाऊस आहे का?” सार विचारत.

“आहे. तिकडं?”

“इकडंही आहे.”

या संभाषणातून दोन्ही देशांच्या हवामान खात्यांना पुरेल एवढी माहिती जमली होती. ‘ये’ एवढं एक अक्षर मात्र सहा वर्षांत सारांच्या तोंडून निघालं नव्हतं.

“सरळ सांगा ना त्याला, ये म्हणून,” त्यांची बायको शोशाम्मा म्हणायची.

“असं कसं सांगणार? त्याला वाटेल आपल्याला काहीतरी झालंय.”

“झालंयच की. म्हातारे झालोय.”

त्यावर सार उठून अंगणात जात आणि कुठल्यातरी बिचाऱ्या फणसाची बारकाईनं तपासणी करत. म्हणून मग नाटक. नाटकातल्या बापासाठी त्यांनी दारातलं भाषण स्वतः लिहिलं: ‘बाळा, काय मिळवलंस, काय गमावलंस, मला विचारायचं नाही. तू आलास, झालं. तुझी खोली होती तशीच आहे.’ (लूकच्या शुभवर्तमानात खोलीचा उल्लेख नाही. ती सारांची भर.) बापाचं काम केझिया नावाच्या मुलीला दिलं, कारण अख्ख्या संडे स्कूलमध्ये माइकशिवाय ऐकू जाईल असा आवाज तिचाच होता. कापसाची दाढी लावून ती हे भाषण म्हणू लागली की तालमीत सारांना हटकून चष्मा पुसावा लागे.

मग पोन्नंकडवूहून चर्चच्या सेक्रेटरीचा फोन आला. नाव ईपन. वयानं सारांहून पंधरा वर्षांनी लहान, पण चार पेट्रोल पंप असल्यामुळे सगळे त्याला ईपच्चायन, म्हणजे ईपनदादा, म्हणत.

“सार, नाटक झकास आहे. फक्त एक बारीक सूचना. मुलगा ‘दूर देशी जाऊन बिघडला’ असं वाक्य आहे बघा. आमची तीन चतुर्थांश मंडळी दूर देशीच आहे. एसी त्यांनीच दिलाय.”

“पण बायबलात तसंच आहे, ईपच्चाया.”

“बायबलाच्या वेळी एसी नव्हता, सार.”

हा मुद्दा बिनतोड होता. दुरुस्ती झाली: मुलगा दूर देशी जातो आणि त्याचं उत्तम चालतं. बापाकडून मालमत्तेचा वाटा मागतो, त्याऐवजी शैक्षणिक कर्ज काढतो. थोरला भाऊ गावातच राहतो, याबद्दल त्याच्याविषयी सर्वांना सहानुभूती वाटावी, असं कंसात सुचवलं.

दुसरा फोन डुकरांबद्दल आला. परदेशात नर्सिंग करून दुसऱ्यांची घाण काढणाऱ्यांना तो टोमणा वाटू शकतो, असं समितीचं मत पडलं. पण डुकरांची कामं चार सर्वांत लहान पोरांना दिली होती, आणि त्यांच्या आयांनी पुठ्ठ्याची गुलाबी नाकं करून दिली होती. डुकरांना विमानतळावरचे अधिकारी म्हणून बढती देण्यात आली. त्यांनी बढती घेतली, पण नाकं परत करायला साफ नकार दिला. एक अधिकारी तर रात्री नाक लावूनच झोपत असे.

तिसरा फोन परत येण्याबद्दल.

“सार, जरा विचार करा. परत कोण येतं? व्हिसा संपलेला. नोकरी गेलेला. नाहीतर बायको सोडून गेलेली असा. तुम्ही स्टेजवर मुलगा परत येताना दाखवलात, की समोरच्या सगळ्या आईबापांच्या पोटात गोळा. ‘आपल्याचं काही बिनसलं की काय?’ समारंभाला हे शोभतं का?”

या वेळी मात्र सार भडकले. “मुलगा परतच आला नाही तर नाटक राहिलं काय? नाव काढून टाका मग!”

“नाव राहू द्या की. नाव चांगलं आहे.”

खूप हुज्जत झाली. शेवटी तडजोड निघाली: मुलगा परत यायचा नाही, व्हिडिओ कॉल करायचा. तो भिंतीएवढ्या पडद्यावर दिसेल, आणि बाप पडद्यासमोर उभा राहून आपलं सगळं भाषण म्हणेल. भाषण वाचतंय म्हटल्यावर सारांनी माघार घेतली. त्यांना बाकी काही नकोच होतं. त्यांनी जिजूला कळवलंसुद्धा: ‘रविवारी आमच्या पोरांचं नाटक आहे. वेळ असला तर बघ. नसला तरी चालेल.’ हे शेवटचं वाक्य लिहायला त्यांना पहिल्या दोन वाक्यांपेक्षा जास्त वेळ लागला.

रविवारी जेवणं उरकून बस निघाली. घाटाच्या पहिल्या वळणावर एक विमानतळ अधिकारी ओकला, दुसऱ्यावर दोघं, आणि तिसऱ्या वळणापासून उरलेल्या सगळ्या बसनं मोठमोठ्यानं स्तोत्रं गायला सुरुवात केली, म्हणजे ओकणाऱ्यांचा आवाज येऊ नये. केझियाची दाढी खिडकीतून उडून गेली. शोशाम्मानं प्रथमोपचाराच्या पेटीतला कापूस काढून नवी केली, तिला डेटॉलचा वास येत होता. उधळ्या मुलाचं काम करणारा एबिन संपूर्ण प्रवासात फक्त एवढंच विचारत होता: “सार, तिथं खायला काय असणार?” सारांनी भुवई उंचावली. एबिननं प्रश्न बदलला: “सार, किती असणार?”

हॉलच्या दारात ईपन स्वागताला उभा होता. गुलाबी नाकं बघून त्याचा चेहरा पडला.

“सार, हे काय?”

“परदेशात थंडी असते,” सार गंभीरपणे म्हणाले. “नाकं लाल होतात.”

ईपननं मान डोलावली. हे वास्तवाला धरून होतं.

हॉल गच्च भरला होता. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत पांढरे केस, पांढऱ्या साड्या, कमरेला गुंडाळलेली पांढरी मुंडू. पोरं कलकलाट करत आत शिरली तशी सगळी डोकी एकदम मागं वळली आणि बराच वेळ वळलेलीच राहिली. कुणीही ‘गप्प बसा’ म्हणालं नाही. संडे स्कूलचे नऊच्या नऊ शिक्षक भिंतीला टेकून उभे होते, आणि इतक्या मुलांकडे बघताना त्यांच्या तोंडाला अक्षरशः पाणी सुटलं होतं.

नाटक सुरू झालं. कर्ज मंजूर झालं. अधिकाऱ्यांनी पासपोर्टवर शिक्के मारले आणि संहितेत नसताना ‘ऑइंक’ असा आवाज केला. एबिन टाटा करत दूर देशी, म्हणजे मागच्या ऑफिसच्या खोलीत गेला. केझिया पडद्यासमोर उभी राहिली. सार विंगेत भाषणाचा कागद धरून बसले.

पडद्यावर एक वर्तुळ फिरू लागलं. फिरतच राहिलं.

“हॅलो?” केझिया म्हणाली. “हॅलो? ऐकू येतंय का?”

हॉलच्या भिंती एसीसाठी इतक्या जाड बांधल्या होत्या की मोबाइलला रेंजच येत नव्हती. (लाइव्ह तेवढं वायरीवरून व्यवस्थित चालू होतं.) अख्खा हॉल त्या फिरत्या वर्तुळाकडे बघत होता. ते सगळ्यांच्या ओळखीचं होतं. दर रविवारी ते प्रत्येकाच्या घरी फिरत असे.

तेवढ्यात मागचं दार धाडकन उघडलं आणि एबिन कोट सांभाळत मधल्या वाटेनं धावत आला.

“अप्पच्चा! रेंज नाही! म्हणून आलोच!”

सार विंगेतून हातवारे करू लागले: मिठी मार! भाषण म्हण! पण भाषण पडद्यासमोर म्हणायचं, असं केझियाला शिकवलं होतं. समोर जितंजागतं माणूस येऊन उभं राहिलं तर काय म्हणायचं, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. ते तिला आधीपासून येत होतं; परदेशाहून आलेल्या माणसाला अख्खं केरळ पहिल्यांदा जे विचारतं तेच. तिनं दाढी सारखी केली आणि आपल्या खणखणीत आवाजात विचारलं:

“कधी आलास? परत कधी जाणार?”

एबिनला संवादच नव्हता, त्यामुळे त्यानं खरं काय ते सांगितलं.

“मी नाही जाणार. मला भूक लागलीय.”

पहिल्या रांगेतली एक म्हातारी काठी टेकत उठली, थेट स्टेजपाशी गेली आणि तिनं एबिनचा हात धरला. “चल रे माझ्या राजा, जेवायला.” मग दुसरी उठली. मग सगळेच. पुष्ट वासराच्या कामासाठी मंडळींनी बीफ आधीच, खोबऱ्याचे काप घालून, नीट परतून ठेवलं होतं. कटलेटांची पातेली उघडली. प्रत्येक पोराला तीन-तीन आज्या दोन्ही बाजूंनी भरवू लागल्या. अधिकाऱ्यांनी नाकं कपाळावर सरकवून घेतली. एका आजोबांनी एकाला विचारलं, “तू नक्की कोण?” त्यानं तोंडातला घास सांभाळत अभिमानानं सांगितलं, “डुक्कर.” आजोबा हसून हसून खुर्चीत बसले आणि डोळे पुसू लागले. थोरल्या भावाचं काम करणारा नोहा तेवढा कोपऱ्यात राहिला, त्याला कुणी कटलेट दिलं नाही, आणि तो खरोखरीच रुसून बाहेर जाऊन बसला. त्याची समजूत काढायला सारांना स्वतः जावं लागलं. त्यामुळे नाटक अखेर, समितीच्या सगळ्या दुरुस्त्या होऊनसुद्धा, मूळ संहितेबरहुकूम पार पडलं.

भाषण मात्र राहिलं ते राहिलंच.

परतीच्या वाटेवर, घाट लागायच्या आधी, सारांचा फोन वाजला. जिजू. सारांनी पावसाबद्दल विचारायला तोंड उघडलं, पण तिकडचा आवाज आज वेगळा होता.

“अप्पच्चा, बघितलं मी. सगळं. तो पोरगा म्हणाला ना, मी नाही जाणार, भूक लागलीय... मीही येतोय. डिसेंबरात.”

शोशाम्मानं सारांचा दंड घट्ट पकडला. सहा वर्षं ज्या क्षणाची वाट बघितली तो आला होता. भाषण सारांना तोंडपाठ होतं. त्यांनीच लिहिलं होतं. काय मिळवलंस, काय गमावलंस, मला विचारायचं नाही. खोली होती तशीच आहे. सारांनी घसा खाकरला. चष्मा पुसला, आणि आपल्याच कानांनी आपलं तोंड म्हणताना ऐकलं:

“बरं, बरं. रजा किती दिवसांची? परत कधी जाणार?”

शोशाम्मानं कपाळावर हात मारून घेतला. “हॅलो?” सार म्हणाले. “रेंज आहे का?”

“परतीचं तिकीट अजून काढलं नव्हतं, अप्पच्चा,” जिजू म्हणाला. “बरं झालं आठवण केलीत. काढतो.”

केरळातली माणसं ही अशी. मनात एक, तोंडात एक. तुमच्याकडे अर्थातच असं होत नसणार. तुमच्याकडे मुलगा दारात आला की आधी त्याच्या खांद्यावरची बॅग उतरवून घेतात, बसायला सांगतात, पाणी देतात, त्याला ते पिऊ देतात, आणि मगच विचारतात.