सणकरी

बोरखडीच्या ग्यानबाने ज्या वर्षी बाप्तिस्मा घेतला, त्या वर्षी तो चर्चमध्ये दोनदा गेला. एकदा नाताळला, एकदा ईस्टरला. त्याचा मुलगा याकोब दरवर्षी तेवढ्याच वेळा जात राहिला. याकोबाच्या सिल्वेस्टरनेही वडिलांच्या पावलावर पाऊल ठेवले, आणि सिल्वेस्टरच्या थोमसपर्यंत येता येता या सवयीला वतनाचे रूप आले. शुभवर्तमानातल्या वंशावळीत अमक्यापासून तमका जन्मतो आणि यातला कोण रविवारी काय करीत होता हे कोणी विचारत नाही, तशीच ही वंशावळ बिनबोभाट चालली होती. विचारणा झाली ती चौथ्या पिढीकडे, आणि विचारणाऱ्या होत्या अगाथाबाई.

अगाथाबाईंना सारे गाव ‘मोठ्या बाई’ म्हणे. चर्चमधला पहिला बाक त्यांचा होता. त्यावर नाव कोरलेले नव्हते. नाव कोरावे लागते ते ज्याच्या हक्काविषयी शंका असते त्याचे. डोंगरकड्याच्या अलीकडच्या या गावात ख्रिस्ती घरे मोजकी, चर्च पत्र्याचे, आणि फादर हिंगोलीहून मोटारसायकलवर येणार. तरी बाईंची एक मिस्सा, म्हणजे फादर चालवतात ती उपासना, कधी चुकली नव्हती. अंगात ताप असताना त्या गेल्या. सुनेला कळा लागल्या असताना गेल्या, आणि आशीर्वाद घेऊन परतल्यावर नातवाचे तोंड पाहिले. सून ते अजून विसरलेली नाही, परंतु सुनेच्या स्मरणशक्तीचा चर्चच्या कारभाराशी संबंध नाही.

अशा बाईंच्या बाकावर गेल्या ईस्टरला थोमस सहकुटुंब येऊन बसला.

दिवस हळदीचे होते. हळद शिजवायचा कुकर ट्रॅक्टरमागे जोडून थोमस वसमतपासून कळमनुरीपर्यंत गावोगाव फिरे, आणि हंगाम संपेपर्यंत त्याचे हात कोपरापर्यंत पिवळे असत. त्या हातांची बोटे त्याने दारातल्या पवित्र पाण्यात बुडवली, क्रूसाची खूण केली आणि बाकाच्या पाठीला धरून गुडघे टेकले. पाणी पिवळे झाले. बाकावर पाच बोटे उमटली. अगाथाबाई पांढऱ्या लुगड्यात दाराशी उभ्या राहून हे पाहत होत्या.

“या की मोठ्या बाई,” थोमस सरकत म्हणाला. “जागा व्हईल. लेकराला मांडीवर घेतो.”

“माझ्या बाकावर तू मला जागा करून देणार. उपकार झाले.”

“उपकार कायचे? एक दिसाचा तर सवाल हाय.”

नेमका तोच सवाल होता. आणि ‘उपकार’ हा शब्द बाईंच्या तोंडून गेला तो त्यांनाच झोंबला, कारण या घराचा एक उपकार त्यांच्यावर खरोखरच बाकी होता.

बोरखडीत खांदा हे कर्ज समजले जाते. ज्याने तुमच्या घरच्या मयताला खांदा दिला, त्याच्या घरच्या मयताला तुमच्या घरचा खांदा लागावा लागतो. दुसऱ्या कशानेही ते फिटत नाही. अगाथाबाईंचे यजमान पास्कलबापू एका श्रावणात वारले तेव्हा कबरस्तानाच्या वाटेवरच्या ओढ्याला पूर होता. दर रविवारची नियमित मंडळी अलीकडच्या काठावर उभी राहून फार सुरेल भजने म्हणत होती. पाण्यात उतरला तो सिल्वेस्टर. ईस्टरनंतर त्याने चर्चचे तोंड पाहिलेले नव्हते आणि नाताळ अद्याप लांब होता. आणखी तिघांना हाका मारून, पेटीचा पुढचा कोपरा स्वतःच्या खांद्यावर घेऊन, छातीभर पाण्यातून त्याने पास्कलबापूंना पलीकडे नेले. तेव्हा अगाथाबाई चारचौघांत म्हणाल्या होत्या, “हा खांदा माझ्या घरावर राहिला.”

तो राहिला तो राहिलाच. सणाला येणाऱ्याला वर्षातून दोनदा तुच्छ लेखायचे आणि त्याचेच देणे वर्षभर वागवायचे, ही अवस्था कोणत्याही मानी स्त्रीला सहन होणारी नव्हे. त्यात सिल्वेस्टर आता खाटेला लागला होता. येईल त्याला तो एकच सांगे, “मह्या पेटीला मोठ्या बाईच्या घरचा खांदा लागला की बस. दुसरी काई इच्छा न्हाई.” लोक हे बाईंना येऊन सांगत. बाई लोकांना चहा विचारत नसत.

ईस्टरनंतरच्या पहिल्याच रविवारी ‘उपासना नियमितता पडताळणी समिती’ अस्तित्वात आली. अध्यक्षा अगाथाबाई, सचिव निवृत्त शिक्षक भागवत मास्तर, ज्यांचे बाप्तिस्म्याचे नाव जोसेफ असल्याचे फक्त बिशपांना ठाऊक होते, आणि सदस्या नीलाबाई, ज्या चर्चची घंटा वाजवीत. फादर तरुण आणि परप्रांतातले असल्यामुळे त्यांनी विरोध केला नाही. ते एवढेच म्हणाले, “बाई, प्रभूने नव्याण्णव मेंढरे सोडून एकाला शोधले.”

“त्याच्याकडे माणसे पुष्कळ होती, फादर. आपल्याकडे बाक कमी आहेत.”

समितीपुढील पहिला विषय नामकरणाचा होता. नुसत्या सणाला येणाऱ्यास काय म्हणावे? ‘सणकरी’ हा शब्द मास्तरांनी सुचवला आणि तो एकमताने संमत झाला. वाराला येणाऱ्यांसाठी त्याच चालीवर त्यांनी ‘वारकरी’ हा शब्द मांडला होता, परंतु तो दुसऱ्यांनी आधीच घेतल्याचे नीलाबाईंनी लक्षात आणून दिले. तेव्हा वाराला येणाऱ्यांना ‘नियमित’ म्हणायचे ठरले. सणकऱ्यांनी सणाच्या दिवशी आत न बसता अंगणात मंडप घालून तिथे बसावे, असाही ठराव झाला. मंडप सणकऱ्यांनीच घालायचा होता.

पंधरा ऑगस्टला, मरियामातेच्या सणाला, ठरावाची पहिली अंमलबजावणी झाली. घराण्याच्या दोन सणांत हा बसत नसूनही थोमसने येऊन मंडप घातला. उकाडा मरणाचा होता म्हणून त्याने तिथे दोन मोठे पंखे लावले आणि लिंबू सरबताचे पिंप ठेवले. आत पत्र्याखाली नियमितांच्या पाठी भिजून निघाल्या. पहिल्या वाचनाला एकजण खोकण्यासाठी बाहेर गेला. दुसऱ्या वाचनाला तिघे गेले. प्रवचन सुरू झाले तेव्हा खोकल्याची साथ आली होती.

समितीने परिस्थितीची गंभीर दखल घेतली. मंडपात पाय ठेवणाऱ्या नियमितास ‘मंडपस्पर्श’ झाला असे मानण्यात येईल आणि तो सणकरी समजला जाईल, असा नियम झाला. ज्यांच्या आजोबांना गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हते, त्यांनी हा शब्द टाळ्या वाजवून मंजूर केला. पुढे असेही ठरले की मिस्सेत ‘ख्रिस्ताची शांती तुम्हांबरोबर असो’ म्हणत हात जोडताना नियमिताने नियमिताकडेच पाहावे. सणकऱ्यांना शांती वाटल्यास ती उरणार नाही.

“काहून उरणार न्हाई?” नीलाबाईंनी विचारले. “ती काय साखर हाय का?”

“नियम समजून घेण्यासाठी नसतो, नीला. पाळण्यासाठी असतो,” मोठ्या बाई म्हणाल्या.

त्यानंतर अगाथाबाईंनी तो ठराव मांडला ज्यासाठी खरे तर समिती जन्मली होती. सणकरी मयतीला हटकून हजर राहतात आणि पुढचा कोपरा पकडून नियमितांचा मान लाटतात. सबब पेटीला खांदा फक्त नियमितांनीच द्यावा. “आणि हा नियम,” बाई शांतपणे म्हणाल्या, “पूर्वलक्षी प्रभावाने लागू राहील.”

भागवत मास्तर हुशार होते. त्यांना ओढा आठवला, पूर आठवला, आणि बाई एका वाक्यात कोणते कर्ज बुडवीत आहेत हेही कळले. परंतु ते सचिव होते, आणि सचिवाला अडचण दिसली की ती मांडल्यावाचून राहवत नाही.

“मोठ्या बाई, सिल्वेस्टरचा खांदा नियमबाह्य ठरला तर पास्कलबापूंची मातीही नियमबाह्य ठरते. मग बापूंना पुरलंच नाही असा अर्थ होईल. पुन्हा काढून...”

“पुरे,” बाई म्हणाल्या. पूर्वलक्षी प्रभाव वगळण्यात आला. देणे होते तिथेच राहिले. नियम मात्र पुढच्यासाठी कायम झाला.

नियमाला एकदा तोंड फुटले की तो माणसे खात सुटतो. सोयाबीन काढणीमुळे दोन रविवार चुकलेली घरे सणकऱ्यांत गेली. जवळाबाजारच्या आठवडी बाजाराची गाडी गाठायला शेवटच्या आशीर्वादाआधी उठणारेही गेले. नीलाबाई घंटा वाजवून आत येईपर्यंत मिस्सा सुरू झालेली असे, म्हणजे त्या इतकी वर्षे दर मिस्सेला उशिरा येत होत्या, त्याही गेल्या. भागवत मास्तर प्रवचनात तंबाखू मळण्यासाठी पडवीत जात. त्यांना स्वतःच्या अपात्रतेचा ठराव स्वतःच्या हाताने लिहावा लागला आणि त्यांनी तो शुद्धलेखनाची एकही चूक न करता लिहिला.

नाताळच्या तोंडावर बोरखडीत एकच नियमित उरली होती. ती कोण, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

दुखावलेल्या मास्तरांनी मग शेवटची शंका मांडली. फादरांकडे सात गावे असल्याने ते महिन्यातून दोनच रविवार बोरखडीला येतात. उरलेल्या रविवारी त्यांची इथे हजेरी नसते. नियमाप्रमाणे फादर कोण?

सगळे फादरांकडे पाहू लागले. फादर उठले, मंडपाकडे बोट दाखवीत म्हणाले, “माझ्यासाठी वेगळा नियम नको,” आणि आपली झगा-चादरीची पिशवी उचलून बाहेर गेले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होते त्याला नम्रता म्हणण्याची रीत आहे.

अशा रीतीने नाताळची मिस्सा मंडपात झाली. टेबलावर वेदी मांडली गेली. अगाथाबाईंचे दोन्ही मुलगे पुण्याहून बायकामुले आणि केक घेऊन आले होते. ते अर्थातच मंडपात बसले. थोमसने बापाची खाट उचलून आणून फादरांच्या समोर ठेवली. चर्चच्या आत, पहिल्या बाकावर, अगाथाबाई एकट्या बसल्या. कर्ण्यावरून सगळे ऐकू येत होते. शांती देण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी सवयीने हात जोडून मागे वळून पाहिले. मागे रिकामे बाक होते. पुढे वळता वळता त्यांच्याच बाकाच्या पाठीवर ईस्टरची पाच पिवळी बोटे दिसली. धुऊन गेली नव्हती. बाईंचे हात जोडलेलेच होते, म्हणून ते त्या बोटांना जोडल्यासारखे झाले.

दुपारी सिल्वेस्टर गेला.

माती त्याच संध्याकाळी ठरली. थोमस बाईंच्या ओट्याशी आला आणि उभा राहिला.

“मोठ्या बाई, नियम बराबर हाय. आमी कोणी खांदा द्यायला लायक न्हाई. गावात लायक तुमी एकल्याच. आन् देणं बी तुमचंच हाय. आता कसं करावं ते सांगा.”

थोरला मुलगा पुढे झाला. “आई, घरातून मी देतो ना. फक्त लवकर आटपा, आमची रात्रीची गाडी आहे.”

“तू सणकरी आहेस,” बाई म्हणाल्या. मुलगा घड्याळ पाहत मागे सरला.

नियम मोडावा तर इतकी वर्षे ताठ ठेवलेली मान खाली जाणार. पाळावा तर पेटीला चार कोपरे आणि नियमित एक. बाईंनी पदर खोचला. “लिहा मास्तर. खांदा माझा. उरलेल्या तीन कोपऱ्यांना जे धरतील त्यांनी नुसता आधार दिला असे समजावे.”

मास्तरांनी लिहिले नाही. त्यांनी मागचा कोपरा धरला.

चर्चमधून पेटी निघाली तशी नीलाबाईंनी घंटा वाजवली. पुढच्या उजव्या कोपऱ्याखाली सत्तरी ओलांडलेल्या अगाथाबाई होत्या. त्यांच्या मागे थोमस होता, आणि तो दोन्ही हातांनी पेटी अशी उचलून धरीत होता की लाकूड बाईंच्या खांद्याला जेमतेम टेकावे. ओढ्याशी पोचल्यावर बाईंच्या हे ध्यानात आले. ओढा आता कोरडा होता.

“थोमस.”

“व्हय बाई.”

“खाली घे. वजन येऊ दे.”

“तुमाला तकलीफ हुईल.”

“त्याने पुरात नेली होती. मला फसवू नकोस.”

थोमसने हात सैल केले. बाईंचे गुडघे वाकले, सरळ झाले, आणि त्या चालू लागल्या. पलीकडच्या काठापर्यंत त्यांनी खांदा बदलला नाही. मुलांनी मोबाइलवर चित्रण केले. ते पुढे पुण्यात फार आवडले.

कबर बुजल्यावर बाईंनी हातातली माती झटकली. “फिटला?”

“फिटला, मोठ्या बाई. पुरा फिटला,” थोमस म्हणाला. “दोन साल खाटेवर होता बाबा. तुमची वाट पाहून राहिला होता. आमचं घर तुमच्या ओट्यावरून दिसतं. आता सणासुदीला तरी येत जा.”

अगाथाबाईंनी खोचलेला पदर सोडून डोक्यावर घेतला. नुसत्या सणाला येणाऱ्यास काय म्हणावे, हे त्यांच्याच समितीने ठरवून ठेवले होते.

ज्यांना बाईंचे हसू येत असेल त्यांनी हा अंक क्षणभर बाजूला ठेवावा. तो बहुधा दिवाळीच्या सुटीत, वर्षातून एकदा उंबरा ओलांडलेल्या गावाकडच्या घरात, ते लोळत वाचत असतील, आणि आत चुलीपाशी कोणी म्हातारे माणूस त्यांच्यासाठी अनारसे तळत असेल. त्या माणसाने एकेकाळी आपल्याला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती, हे त्यांना आठवत असेलच. काळजीचे कारण नाही. तोही खांदा एक दिवस फिटेल. पुरता, एकाच फेरीत, रजा मंजूर झाली तर.